अडलेली लेखणी आणि अठ्ठ्याहत्तर पाने

निर्मितिप्रक्रियेविषयीची मराठीतली चर्चा बहुधा कृती पूर्ण झाल्यानंतरच्या ठिकाणावरून केली जाते. कविता सिद्ध झालेली असते, कादंबरी छापून आलेली असते आणि मग तिच्या उगमाचा शोध मागे मागे घेतला जातो. ज्या काळात काहीच सिद्ध होत नाही, लेखक टेबलाशी बसतो आणि कोऱ्या कागदासह उठतो, त्या काळाविषयी समीक्षेजवळ फारसे शब्द नाहीत. मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास या तिहींना मिळून काव्याचा एकच हेतू मानले. ही मांडणी आजही उपयोगी आहे. पण लेखणी अडलेल्या लेखकाला ती लावून पाहिली की ती गोंधळात टाकते. त्याच्यापाशी शक्ती नाही असे म्हणावे, तर मागची चार पुस्तके साक्षीला असतात. निपुणता व अभ्यास तर वयाबरोबर वाढलेलेच असतात. तिन्ही हेतू जागच्या जागी असून कार्य घडत नाही. मग अडते ते नेमके कोठे?

पाश्चात्त्य जगात या अवस्थेला जे नाव आज सर्रास दिले जाते, ते १९४०च्या दशकात एडमंड बर्गलर या मनोविश्लेषकाने रूढ केले. तेव्हापासून ती एक व्याधी ठरली, आणि व्याधी म्हटली की उपचार आलेच. या उपचारांच्या यादीत अलीकडे टॅरोच्या पत्त्यांनाही स्थान मिळाले आहे. जेसा क्रिस्पिन या अमेरिकी समीक्षिकेने २०१६ साली लेखक-कलावंतांसाठी टॅरोचे एक मार्गदर्शक पुस्तकच प्रसिद्ध केले. पाने पिसावीत, तीन पाने काढून ओळीने मांडावीत, पहिले अडथळ्याचे, दुसरे त्याच्या मुळाचे, तिसरे वाटेचे समजावे, अशा धर्तीच्या रीती आज अनेक ठिकाणी शिकवल्या जातात. समीक्षकाची पहिली प्रतिक्रिया तुच्छतेची होईल हे उघड आहे. पण विसाव्या शतकातील काही अत्यंत सावध, बुद्धिनिष्ठ लेखकांनी हेच पत्ते हाती घेतले होते. त्यांच्यापैकी निदान एकाने त्या अनुभवाचा हिशेब इतक्या निर्मळपणे मांडून ठेवला आहे की, तो वाचल्याशिवाय तुच्छता दाखवणे योग्य होणार नाही.

टॅरोविषयी एक गैरसमज आधी दूर केला पाहिजे. ही काही प्राचीन इजिप्तची गुप्तविद्या नव्हे. पंधराव्या शतकात उत्तर इटलीतील दरबारांत खेळला जाणारा हा पत्त्यांचा एक खेळ होता. चषक, नाणी, तलवारी आणि दंडे अशा चार रंगांची छप्पन्न पाने आणि त्यांच्या जोडीला बावीस चित्रपाने, असा अठ्ठ्याहत्तर पानांचा तो जोड. ही बावीस पाने म्हणजे आपल्या भाषेत सांगायचे तर कायमची हुकुमाची पाने. त्यांना इजिप्शियन ज्ञानभांडाराचे वलय चढवले ते अंत्वान कूर द जेबलँ याने, १७८१ साली. आणि ते वलय उतरवण्याचे काम दोनशे वर्षांनी केले ते मायकेल डमेट याने. फ्रेगेच्या भाषातत्त्वज्ञानाचा हा थोर भाष्यकार टॅरोच्या इतिहासावरही तितक्याच काटेकोरपणे लिहीत होता; त्याचा त्या विषयावरचा मोठा ग्रंथ १९८० सालचा आहे. अर्थ हा शब्दाच्या पोटात दडलेला नसून वापरात असतो, या विचाराशी आयुष्यभर झुंजलेल्या तत्त्वज्ञाला पत्त्यांच्या पोटात काही दडलेले नाही हे दाखवावेसे वाटावे, यात एक सुसंगती आहे. मराठी वाचकाला या संदर्भात सावंतवाडीची गंजिफा आठवेल. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा, अशी एकशे वीस गोल पाने. तिच्यातही चित्र आणि कथा यांचा ऐवज टॅरोहून कमी नाही. मत्स्यापासून कल्कीपर्यंतची सारी कथासृष्टी हातात धरून माणसे शांतपणे डाव खेळत बसत. म्हणजे चित्रांकित पान हाती आले की माणूस भविष्यच पाहू लागतो असे नाही. तो आधी खेळतो.

भविष्य पाहण्याच्या रीतींतही भेद आहेत, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तो भेद महत्त्वाचा आहे. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात. मूर्तीला लावलेली पाकळी उजवीकडची पडली की डावीकडची, यावरून होकार वा नकार समजतो. प्रश्न माणसाचा, उत्तर देवाचे, आणि उत्तर मिळाले की बोलणे संपते. टॅरोची रीत याच्या उलट आहे. तेथे उत्तर मिळत नाही, शब्द मिळतो. मनोरा, फाशी गेलेला उलटा माणूस, चंद्र, तलवारींची राणी, अशी ही नुसती नामे आहेत, त्यांत क्रियापद नाही. तीन पाने शेजारी पडली की पाहणाऱ्याला त्यांच्यामधली क्रियापदे स्वतः पुरवावी लागतात. कौलाने बोलणे संपते, टॅरोने ते सुरू होते. अडलेल्या लेखकाला कौलाचा काही उपयोग नाही. लिही किंवा लिहू नको, एवढे त्याला कोणीही सांगू शकते. त्याला हवे असते ते वाक्य. आणि वाक्य देण्याची शक्ती पत्त्यांत नसली तरी वाक्य मागण्याची शक्ती त्यांत आहे.

एलियटने १९२१च्या शरद ऋतूत बँकेतून रजा घेतली ती मनःस्वास्थ्यासाठी. प्रथम मार्गेट, मग लोझान येथे डॉक्टर व्हितोझ यांचे उपचार, आणि या काळात 'द वेस्ट लँड'चे तुकडे एकत्र येत गेले. त्या काव्यातली पत्ते पाहणारी बाई सर्वांना ठाऊक आहे. टॅरोच्या जोडाची नेमकी घडण आपल्याला ठाऊक नाही आणि सोयीप्रमाणे आपण तिच्यापासून दूर गेलो आहोत, अशी कबुली एलियटने टिपांमध्ये दिली. त्याने योजलेले एक पान तर मूळ जोडात नाहीच. त्याला पत्त्यांचे सत्य नको होते. विखुरलेल्या तुकड्यांना आधीच ओळखपत्रे वाटून ठेवणारी एक पात्रयादी हवी होती, आणि ती त्या बाईच्या पाच-सहा पानांनी दिली. येट्सची गोष्ट निराळी. तो १८९०पासून गूढविद्येच्या मंडळात होता, पत्ते त्याच्या रोजच्या साधनेतले होते. आणि १९१७ साली विवाहानंतर पत्नीच्या हातून जे स्वयंचलित लेखन होऊ लागले, त्यातून आपल्याला काव्यासाठी रूपके पुरवली जात आहेत अशी त्याची समजूत झाली. तो श्रद्धावंत होता. श्रद्धावंताची लेखणी अडली तर ती त्याच्या देवाची चिंता. समीक्षेला तेथे फारसे काम नसते.

१९४०-४१च्या हिवाळ्यात मार्सेय येथे व्हिसाची वाट पाहत अडकून पडलेल्या ब्रताँ, एर्न्स्ट, मासाँ, लाम प्रभृती अतिवास्तववाद्यांनी स्वतःचाच एक जोड रंगवला. राजे-राण्यांच्या जागी प्रतिभावंत, आणि प्रेम, स्वप्न, क्रांती व ज्ञान असे चार नवे रंग. पुढे जाणे शक्य नाही आणि मागे फिरणे म्हणजे मरण, अशा स्थितीत काय करावे, तर पत्ते करावेत. या प्रसंगात जो विषादयुक्त विनोद आहे तो त्या जोडातील चित्रांहून मोलाचा वाटतो. ब्रताँने पुढे १९४४ साली कॅनडाच्या किनाऱ्यावर लिहिलेल्या पुस्तकाचे नावही टॅरोच्या सतराव्या पानावरून, ताऱ्यावरून, ठेवले.

मात्र ज्याच्याकडे मुख्यतः वळायचे आहे तो लेखक म्हणजे इटालो काल्विनो. त्याच्यापाशी श्रद्धा नव्हती, आणि मौजही दुय्यम होती.

काल्विनोच्या लेखनजीवनात अडण्याचा एक प्रसंग फार आधी येऊन गेला होता. युद्धोत्तर इटलीत वास्तववादी कादंबरी लिहिणे हे तरुण डाव्या लेखकाचे जणू कर्तव्यच होते. १९५०-५१मध्ये तो ट्यूरिनमधील कामगारजीवनावर तशी कादंबरी लिहीत होता. ती लिहून झाली, पण तिच्यात जीव आला नाही. पुढे काही वर्षांनी ती एका नियतकालिकात क्रमशः आली एवढेच. ही ओढाताण चालू असताना १९५१च्या उन्हाळ्यात त्याने विरंगुळा म्हणून दुसरेच काही लिहायला घेतले. तोफेच्या गोळ्याने उभा दुभंगलेल्या आणि दोन अर्ध्या देहांनी जगणाऱ्या एका सरदाराची ती गोष्ट. ती काही महिन्यांत पुरी झाली आणि १९५२ साली प्रसिद्ध झाली. कर्तव्याची वाट बंद झाली की खेळाची उघडते, हा धडा त्याला त्याच वेळी मिळाला. पुढची सारी वर्षे तो त्या धड्याची परीक्षा घेत होता, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

१९६७ साली तो पॅरिसला राहायला गेला. संरचनावादाचा तो बहराचा काळ. त्याच वर्षाच्या अखेरीस इटलीतील निरनिराळ्या शहरांत त्याने एक व्याख्यान दिले, त्यात साहित्य ही एक जुळणीची क्रिया आहे, मर्यादित घटकांची अदलाबदल करीत राहणारे यंत्र आहे, असे प्रतिपादन होते. ते उतावळेपणाने वाचणारे येथेच थांबतात. काल्विनो पुढे गेला आहे. अदलाबदल करता करता एखादी जुळणी अशी पडते की तिने अनपेक्षितपणे काहीतरी दुखते, अबोध मनातले दडपलेले तिच्यातून बोलते. यंत्राला ते कळत नाही, माणसाला कळते. कोटी करताना शब्द आधी जुळतात आणि मर्म मागाहून उघडे पडते, तसेच हे. याचा अर्थ असा की, आशय आधी आणि रूप मागाहून, हा निर्मितीचा सर्वमान्य क्रम येथे उलटा झाला. ज्याला सांगण्यासारखे काही सुचत नाही त्याने आधी मांडावे; सांगण्यासारखे आहे की नाही ते मांडणीत कळेल. अडलेल्या लेखकाला याहून धीर देणारा सिद्धान्त दुसरा नसेल.

त्याची कसोटी लवकरच आली. जुलै १९६८मध्ये उर्बीनो येथे कथनाच्या संरचनेवर एक आंतरराष्ट्रीय चर्चासत्र भरले. तेथे पाओलो फाब्ब्री याने पत्त्यांवरून भविष्य सांगण्यातील कथनावर निबंध वाचला. पत्त्याचा अर्थ ओळीतील त्याच्या स्थानावर आणि शेजाऱ्यांवर अवलंबून असतो, ही कल्पना काल्विनोने तेथून उचलली, आणि तिचे सैद्धान्तिक सामान बाजूला ठेवले. टॅरो म्हणजे कथा जुळवण्याचे यंत्र, एवढेच त्याला हवे होते. प्रसंगाची आखणी साधी आहे. घनदाट अरण्य ओलांडून आलेले काही प्रवासी एका आसऱ्याच्या ठिकाणी जमतात. वाटेतल्या अनुभवाने सर्वांची वाचा गेली आहे. टेबलावर पत्ते आहेत. प्रत्येकजण पाने ओळीने मांडून आपली कहाणी सांगतो, आणि एकाची ओळ दुसऱ्याच्या ओळीला छेदून जाते, त्यामुळे तेच पान दोन कहाण्यांत दोन अर्थ धारण करते. वाचा गेलेल्या माणसांची ही बैठक म्हणजे लेखणी अडलेल्या लेखकाचेच चित्र आहे, हे सांगायला भाष्यकार नको.

येथून पुढचा वृत्तान्त काल्विनोने १९७३च्या पुस्तकाला जोडलेल्या टिपेत दिला आहे. आत्मकथनपर लेखनात एरवी फार हात आखडता घेणाऱ्या या लेखकाची ती टीप म्हणजे निर्मितीच्या अडथळ्यावरील एक दुर्मीळ साक्ष आहे. त्याने सुरुवात केली ती मार्सेयच्या जोडापासून. लाकडी ठशांवर छापलेली, भडक रंगांची, लोकांच्या हाताळणीतली ती पाने. ती पाहता पाहता कहाण्या सुचत, मांडल्या जात, पण त्यांचा एक आकार जमेना. नियम बदलले तरी जमेना. त्याच सुमारास फ्रांको मारिया रिच्ची या प्रकाशकाने त्याला विस्कोन्ती जोडावरील एका उंची ग्रंथासाठी मजकूर मागितला. हा जोड मिलानच्या ड्यूकांसाठी पंधराव्या शतकाच्या मध्याला बोनिफाचो बेम्बो याने रंगवलेला मानतात. त्याची पाने आज न्यूयॉर्कचे मॉर्गन ग्रंथालय, बेर्गामोची अकादेमिया कारारा आणि एक खासगी घराणे यांत विभागली आहेत. सोन्याच्या पार्श्वभूमीवरची ती दरबारी चित्रे. आधी लिहिलेला मजकूर तिला चालेना, कारण ते जगच निराळे. मग काल्विनोला आरिओस्तो आठवला. 'ओर्लान्दो फुरिओसो' हे सोळाव्या शतकातले महाकाव्य त्याचे बालपणापासूनचे नसले तरी जन्माचे प्रेम. ओर्लान्दोचे प्रेमवेड आणि त्याची हरवलेली शुद्ध परत आणायला चंद्रावर जाणारा आस्तोल्फो, या दोन कथा मध्यभागी ठेवल्या आणि बाकीच्या त्यांच्या भोवती लावल्या. पाने चौकोनात बसली. एका आठवड्यात मजकूर तयार झाला आणि १९६९ साली ग्रंथ निघाला.

येथे थांबून पाहण्यासारखे आहे. अडथळा कशाने दूर झाला? पत्त्यांनी, असे म्हणणे सोपे आहे. पण पत्ते तर मार्सेयचेही होते. फरक पडला तो तिसऱ्या घटकाने. पत्ते आणि लेखक यांच्या मध्ये आरिओस्तोची परंपरा उभी राहिली. पान 'काहीही' असू शकते तोवर ते लेखकाला काहीच देत नाही. एखादी राणी म्हणजे आंजेलिका असू शकते हे कळले की ती बोलू लागते. चिन्हाची अनेकार्थता हा त्याचा ऐवज असला तरी, लिहिणाऱ्याला तो ऐवज मिळतो कोणत्या तरी मर्यादेच्या बदल्यातच. आजच्या टॅरो-मार्गदर्शकांत ही गोष्ट कोणी सांगत नाही. पान काढा, मन मोकळे सोडा, असे तेथे म्हटलेले असते. मोकळे सोडलेले मन हीच तर अडलेल्या लेखकाची तक्रार असते.

पण या यशाने काल्विनोचे जे झाले ते अधिक बोधक आहे. एकदा चौकोन जमला म्हटल्यावर त्याला वाटू लागले की मार्सेयच्या पानांनाही तो जमला पाहिजे. आणि मग सुरू झाले ते वेड. फाउस्ट, पार्सिफाल, हॅम्लेट, लेडी मॅक्बेथ, लियर अशा कितीतरी कथा त्या पानांत त्याला दिसत. पण सगळ्या एका आराखड्यात, सर्व पाने वापरून, उभ्या-आडव्या दोन्ही वाचनांत अर्थ लागेल अशा रीतीने बसवायच्या म्हटल्यावर एक पान हलवले की दहा हलत. रात्री जागे होऊन तो निर्णायक दुरुस्ती टिपून ठेवी, आणि तिच्यामागे बदलांची साखळी लागे. कधी बिनचूक सूत्र सापडल्याच्या समाधानात तो झोपी जाई, आणि सकाळी उठल्याबरोबर तो कागद फाडून टाकी. कधी सगळे सोडून देऊन दुसरे काम घेई. पुन्हा त्याकडेच येई. अखेर पुस्तक छापायला दिले ते जमले म्हणून नव्हे, त्यातून सुटका व्हावी म्हणून. छापील प्रत हाती आल्याखेरीज आपण त्याच्या बाहेर पडणार नाही, असे त्याने प्रांजळपणे नोंदवले आहे.

ज्या साधनाने एकदा वाट मोकळी केली तेच साधन पुढे भिंत होऊन बसले. कारण साधनाकडे त्याने आता साहाय्य मागितले नव्हते, पूर्णता मागितली होती. एक पानही बाहेर राहता कामा नये हा हट्ट लेखकाचा नसतो, तो हिशेबनिसाचा असतो. पण संरचनावादाच्या त्या उत्साही वर्षांत दोघांतली सीमा पुसट झाली होती, ही गोष्ट त्या काळाच्या समीक्षेच्याही खात्यावर मांडावी लागेल. योगायोगाने याच वर्षांत काल्विनो आणखी एक पुस्तक लिहीत होता. 'अदृश्य नगरे' हे त्याचे पुस्तक १९७२ साली आले. त्यातली पंचावन्न नगरे सुट्या टिपणांतून, निरनिराळ्या फायलींत, जशी मनःस्थिती तशी साठत गेली आणि त्यांची रचना मागाहून ठरली. ज्यात आराखडा मागाहून आला ते पुस्तक त्याच्या हातून सहज सुटले. ज्यात आराखड्याने पुढे चालायचे ठरवले ते त्याला सोडीना. मात्र एवढ्यावरून आराखड्याला दोष देणेही घाईचे ठरेल. १९६९चा चौकोन हाही आराखडाच होता.

'किल्ला' आणि 'खानावळ' हे पुस्तकाचे दोन भाग शेजारी ठेवले तर वाचकाचा कल पहिल्याकडे झुकणे स्वाभाविक आहे. तो रेखीव आहे. पण रेखीवपणा हाच त्याचा दोष आहे असेही म्हणता येईल. एका आठवड्यातले यश त्याच्यावर थोडे चकाकत राहते. 'खानावळ' वाकडीतिकडी आहे, तिच्यातील पानांची मांडणी जागोजाग ओढून बसवलेली दिसते, आणि तिच्यातच पुस्तकातले सर्वांत जिवंत प्रकरण आहे. त्यात लेखक स्वतःची कहाणी सांगण्याचा प्रयत्न करतो. हाती दंड उभा धरलेला दंड्यांचा राजा, आणि तो दंड म्हणजे लेखणी, असे तो आरंभी समजून घेतो. मग संन्यासी येतो, तलवारीचा स्वार येतो, आणि या दोन पानांवरून त्याला व्हेनिसच्या एका लहान प्रार्थनामंडळात कार्पाच्चोने रंगवलेली संत जेरोम व संत जॉर्ज यांची चित्रे आठवतात. अभ्यासिकेत ग्रंथांत बुडालेला म्हातारा आणि राक्षसी सर्पाशी झुंजणारा योद्धा, ही एकाच माणसाच्या आयुष्याची दोन पाने असावीत, असे त्याला वाटते. बाहेरची लढाई लढताना आतली शांतता हवी, आणि अभ्यासिकेत बसल्यावर तो सर्प पायाशीच वेटोळे घालून असतो. हा लेखक स्वतःसाठी शेवटी जे पान राखतो ते राजाचे नव्हे, संन्याशाचेही नव्हे. जत्रेत टेबल मांडून चार वस्तू इकडच्या तिकडे करणाऱ्या जादूगाराचे. यात आत्मनिंदा आहे की आत्मसंतोष, हे ठरवता येत नाही. चौकोन न जमल्याच्या वर्षांशिवाय हे प्रकरण लिहिले गेले असते असे वाटत नाही.

तोच जादूगार 'किल्ल्या'तही येऊन गेलेला असतो. आस्तोल्फो ओर्लान्दोची शुद्ध शोधत चंद्रावर पोचतो तेव्हा त्याला भेटतो तो कवी, आणि त्याच्यासाठी काल्विनोने जादूगाराचे पान योजले आहे. विस्कोन्ती जोडात त्याच्या हातातली बारीक काडी कलमासारखी भासते. पृथ्वीवर हरवलेले सारे चंद्रावर साठते अशी आरिओस्तोची कल्पना. तेव्हा सगळ्या कथांचा साठा येथेच असणार, अशी आस्तोल्फोची अपेक्षा असते. कवी ती मोडून काढतो. चंद्र ओसाड आहे, सारे काव्य निघते ते या ओसाडीतून आणि सारे प्रवास संपवून परत येते तेही येथेच, अशा आशयाचे तो बोलतो. एका आठवड्यात, लेखणी मोकळी धावत असताना लिहिलेल्या मजकुराच्या मध्यभागी हे ओसाड आहे, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. अडलेली अवस्था म्हणजे निर्मितीचा अभाव, हे समीकरण येथे ढासळते. मम्मटाच्या तीन हेतूंत जागा नसलेले काहीतरी येथे सूचित झाले आहे. त्याला नाव देण्याची घाई न केलेली बरी.

विस्कोन्ती जोडातील चार पाने हरवली आहेत. चौऱ्याहत्तर उरली. हरवलेल्यांत सैतान आणि मनोरा ही दोन हुकुमाची पाने आहेत, आणि नेमकी तीच काल्विनोच्या कहाण्यांत महत्त्वाची आहेत. पुस्तकात प्रत्येक पानाचे चित्र समासात छापले आहे. या दोघांचा उल्लेख मजकुरात येतो तेथे समासात चित्र देता आलेले नाही. कहाणी त्यामुळे थांबत नाही. उलट, चित्र नसलेल्या पानापाशी वाचकाला थोडे अधिक वेळ थांबावे लागते. भविष्य सांगणाऱ्याला असा अपुरा जोड निरुपयोगी वाटला असता.

काल्विनो १९८५ साली, हार्वर्डसाठी सिद्ध केलेली व्याख्याने देण्याआधीच वारला. त्यांतील दृश्यतेवरच्या व्याख्यानात त्याने या पत्त्यांचे मूळ आपल्या बालपणात दाखवले आहे. अक्षरओळख होण्यापूर्वी तो मुलांच्या साप्ताहिकातील चित्रमालिका पाहत बसे, आणि खालच्या ओळी वाचता येत नसल्यामुळे त्याच चित्रांवरून दर वेळी निराळी गोष्ट रचत असे. ओळी वाचता येत नव्हत्या हेच त्याचे भाग्य. पुढे वाचता येऊ लागल्यावरही ती पद्ये त्याला उपरी वाटत, कारण चित्रांतून त्याने काढलेल्या गोष्टी त्यांहून सरस होत्या. येथे अडथळ्याविषयीचे एक वेगळे गृहीतक सुचते. अडलेला लेखक म्हणजे ज्याला चित्राखालच्या ओळी फार चांगल्या वाचता येऊ लागल्या आहेत असा माणूस. कोणत्या प्रतिमेचा काय अर्थ होतो, कोणत्या प्रसंगातून काय निष्पन्न होते, समीक्षक काय म्हणतील, हे सर्व त्याला आधीच ठाऊक असते. पत्ते त्याला पुन्हा निरक्षर करतात, निदान काही काळ. भविष्य सांगण्याच्या पुस्तकातून प्रत्येक पानाचा ठराविक अर्थ पाठ करणारा मात्र ही संधीच गमावतो. त्याने चित्राखाली नव्या ओळी छापून घेतलेल्या असतात.

'खानावळी'नंतर काल्विनोची मोठी कथात्मक कृती यायला १९७९ साल उजाडले. दहा कादंबऱ्यांचे दहा आरंभ, आणि एकही पुरा नाही, असे ते पुस्तक. त्यात लिहिता न येणारा एक यशस्वी कादंबरीकारही आहे. तो दुर्बिणीतून दूरच्या गच्चीवर वाचत बसलेल्या स्त्रीकडे पाहत राहतो, आणि ती जे वाचते आहे ते आपण लिहिलेले असावे अशी इच्छा करतो. त्याच्या टेबलावर पत्ते नाहीत.

पत्त्यांची एक तिसरी कहाणीही लिहायचे काल्विनोच्या मनात होते. किल्ला, खानावळ आणि मग आजच्या काळातले मोटेल. कसल्याशा महासंहारातून वाचलेली माणसे अर्धवट पडलेल्या एका मोटेलात जमली आहेत. भीतीने त्यांची वाचा गेली आहे, आणि त्यांच्यापाशी पत्ते नाहीत, उरले आहे ते वर्तमानपत्राचे एक करपलेले पान, चित्रमालिकांचे. त्यातल्या चौकटींवर बोट ठेवत, उड्या मारत, उलटसुलट जात ते एकमेकांना आपापली कहाणी सांगणार होते. मुलांच्या साप्ताहिकातला तो मुलगा येथे थेट परत आला असता. काल्विनोने ही कल्पना टिपेत चार ओळींत सांगितली आहे आणि या प्रकारच्या प्रयोगांतले आपले स्वारस्य आता संपले आहे, असे म्हणून ती तेथेच सोडून दिली आहे.